पुतळीवरची प्रार्थना

उज्जैनला आमच्या आत्याचे घर छत्री चौकापासून दोन गल्ल्या आत होते. बाजारात हिंदी, कामवालीशी माळवी आणि देवघरात मराठी असा त्या घराचा रिवाज. सीमाभागात वाढलेल्या मला त्याचे नवल कधी वाटले नाही. आपणही भाजी कानडीत घेतो आणि मराठीत निवडतो!

तिच्या नातीचे लग्न ठरले तेव्हा मी तिकडे गेलो होतो. दागिन्यांची पेटी उघडली गेली आणि तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेली पुतळ्यांची माळ निघाली. सराफाने प्रत्येक पुतळी कसोटीवर घासली. अकरा सोन्याच्या ठरल्या. उरलेल्या सोळा चांदीच्या निघाल्या, वर सोन्याचा मुलामा. "या खोट्या आहेत. अकरा आटवा, मुलीला बांगड्या होतील," असे सांगून तो गेला.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "अरे, तू इतिहासाचा मास्तर. यावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव. सासूबाई म्हणायच्या, हे राम-सीता. मी चाळीस वर्षं गळ्यात घातली, पण अक्षर कधी कळलं नाही."

मी भिंग मागवले. एका बाजूला दोन आकृत्या, एक उभी आणि एक गुडघे टेकलेली, मध्ये ध्वजाचा दांडा. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात एक पुरुष, आशीर्वादासाठी हात उचललेला. ते राम-सीताही नव्हते आणि लक्ष्मीही नव्हती. उभा होता तो संत मार्क, इटलीतील व्हेनिस नगरीचा रक्षक. त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, ज्याला डोजे म्हणत. आणि ताऱ्यांमधला पुरुष साक्षात येशू ख्रिस्त.

हे नाणे व्हेनिसने पहिल्यांदा पाडले ते १२८४ साली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. पुढची पाच शतके, म्हणजे १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, त्यावरचे चित्र मुळात बदलले नाही. बदलत गेले ते फक्त डोजेचे नाव. आत्याच्या एका पुतळीवर 'मोचेनि' एवढी अक्षरे लागली. आल्विझे मोचेनिगो नावाचे चार डोजे होऊन गेले. पहिला १५७० साली गादीवर आला आणि चौथा १७७८ साली वारला. त्यांतला हा कोणता, हे झिजलेल्या अक्षरांवरून सांगणे कठीण होते.

ख्रिस्ताभोवतीची लॅटिन ओळ मात्र सर्वांवर एकच असते. ती प्रार्थना आहे. हे ख्रिस्ता, ज्या राज्यावर तुझीच सत्ता चालते ते हे राज्य तुलाच अर्पण असो, असा तिचा भावार्थ. त्यातला शेवटचा शब्द 'डुकाटस', म्हणजे ड्यूकचे राज्य. जग या नाण्याला ज्या नावाने ओळखते, ते डुकाट हे नाव याच शब्दातले. व्हेनिसमध्ये त्याचे दुसरे नाव झेक्किनो. ते आले झेक्का म्हणजे टांकसाळ या शब्दावरून, आणि झेक्का आला अरबी 'सिक्का'वरून. आपला 'शिक्का' त्याच घरचा. असे हे शब्द नाण्यांच्या आधीच एकमेकांना भेटून ठेवतात!

ही नाणी इकडे आली ती मिरी, मसाले आणि कापडाची किंमत म्हणून. तांबड्या समुद्रावरच्या जिद्दा, मोखा या बंदरांतून ती सुरतेला आणि मलबारला उतरत. सोने चोख, वजन ठरलेले, म्हणून सावकाराचा त्यांवर विश्वास. शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी यादी सभासदाने बखरीत दिली आहे, तीत मोहरा आणि होनांच्या पंगतीला पुतळ्याही आहेत. नाण्यावर माणसाची आकृती, म्हणून नाव पुतळी. आपल्या शेजारच्या कानडी मुलखातही पुत्थळी म्हणजे बाहुली, आणि पुत्थळी म्हणजे चोख सोनेसुद्धा. केरळात लोकांनी ध्वजाच्या दांड्याचा माड केला, चित्रातल्या माणसाचा माडी काढणारा केला आणि नाण्याला शाणारकासू म्हटले. ज्याला जे ओळखीचे, ते त्याने त्या चित्रात पाहिले.

नाणी पुरेनाशी झाली तेव्हा आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या. सोनाराला लॅटिन येत नव्हते. त्याने अक्षर हे नक्षी म्हणून उतरवले. नकलेची नकल होत होत अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या, आणि पुढे ख्रिस्ताच्या जागी लक्ष्मीही आली. आत्याच्या चांदीच्या पुतळ्या या मधल्या पायरीवरच्या. ताऱ्यांतला पुरुष ओळखू येत होता, पण प्रार्थनेच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या काड्या होत्या.

उज्जैनमध्ये मराठी माणसाची वस्ती वाढली ती शिंद्यांमुळे. राणोजी शिंद्यांनी इथे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाचे मंदिर नव्याने उभे केले. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधविलेले गोपाळ मंदिर आजही चांदीने मढविलेल्या दारांनिशी चौकात उभे आहे. उज्जैनच्या टांकसाळीतून शिंदे जो चांदीचा रुपया पाडत, त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आणि लिपी फारसी. म्हणजे इथल्या मराठी बाईच्या अंगावर रुपयांच्या माळेत फारसी असे, पुतळ्यांच्या माळेत लॅटिन असे, आणि तिला यातले एकही वाचता येत नसे.

चांदीची गोष्ट याहून मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. उज्जैन-इंदूरच्या पेढ्या त्यावर पोसल्या. मोबदल्यात चीनहून चांदी येई, आणि तीत मेक्सिकोत पाडलेले स्पॅनिश डॉलरही असत. त्यांवर राजाच्या नावापुढे लॅटिनमध्ये कोरलेले असे, 'देवाच्या कृपेने'. मुंबईच्या टांकसाळीत परकी चांदी आटवून तिचे रुपये होत, आणि रुपये आटवून खेडोपाडी तोडे, वाळे, हसळ्या होत. माळव्यातल्या एखाद्या म्हातारीच्या पायातल्या तोड्यात ते शब्द वितळून पडलेले असतील. सोन्यावरची प्रार्थना टिकली, कारण ते नाणे होते तसेच गळ्यात बांधले गेले. चांदीवरची मुशीत गेली.

हे सगळे मी आत्याला सांगितले. सूनबाई जरा दचकल्या. "म्हणजे इतकी वर्षं मंगळागौरीला आपण ख्रिस्ताची प्रार्थना घालून बसत होतो?" आत्या म्हणाली, "राज्य देवाचं आहे, माझं नाही, असंच ना लिहिलंय? मग त्यात बिघडलं काय!"

तिच्या त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या भागात पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. ते भांडण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. आपली भाषा नाकारली गेली की काय वाटते, ते सीमेवरच्या माणसाला सांगायला नको. पण त्याच घरांतल्या पेट्यांमध्ये परक्या लिपीतली, परक्या धर्मातली अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या हळदीकुंकवाच्या मानाने राहिली. ती कोणी वाचली नाहीत म्हणून राहिली, असे कोणी म्हणेल. पण आत्याने तर वाचून घेतली, आणि तरीही काढून टाकली नाहीत.

लग्नाला पैसा हवाच होता. अकरांपैकी दहा पुतळ्या आटवल्या, त्यांच्या बांगड्या झाल्या. मी आड आलो नाही. इतिहासाच्या मास्तराला मुलीच्या लग्नात मत नसते. ज्या सोळांना सराफाने खोट्या म्हटले, त्या मात्र वाचल्या, कारण त्यांचे मोलच येत नव्हते. टांकसाळीत सोने राहिले होते आणि चांदी गेली होती. आमच्या घरी त्याच्या उलटे झाले.

आत्याने त्या सोळा चांदीच्या पुतळ्या नव्या रेशमात ओवून घेतल्या आणि मधोमध ती एक अस्सल, 'मोचेनि' अक्षरांची पुतळी बसवली. सासरी निघालेल्या नातीच्या गळ्यात माळ घालताना तिने तिला एवढेच सांगितले, "कुणी विचारलं, हे काय लिहिलंय, तर सांग. आम्हाला सांगता येत नव्हतं."