सव्वादोन ते साडेपाच

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला तोंडपाठ असतो : लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, १९६८. डॉक्टरची तीन कर्तव्ये याच निकालातून शिकवतात. ती पाठ करून मुले पुढच्या खटल्याकडे वळतात. निकालपत्राच्या सुरुवातीला मात्र कर्तव्ये नाहीत, वेळा आहेत. साडेआठ, साडेअकरा, सव्वादोन, साडेपाच. त्या ओळीने लावल्या की एक मुलगा आपल्या डोळ्यांदेखत जातो.

६ मे १९५३, सूर्यास्त. उरले सुमारे ७४ तास.

रत्नागिरी जिल्ह्यातले पालशेत, गुहागरजवळचे समुद्राकाठचे गाव. पुळणीवर एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात होतो आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडते. तो आणि त्याची आई राहतात ते घर तिथून दीड मैलावर. खाट आणायची, त्याला उचलून तिच्यावर घालायचे, खाट घरी न्यायची. यात अंधार पडतो.

मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब. त्याच्याभोवतीचे स्नायूही तसेच दांडगे. हाड मोडले की ते आखडतात आणि तुटलेली दोन टोके एकमेकांवर चढवतात. ती पुन्हा सरळ रेषेत आणायची तर या स्नायूंशी झुंजावे लागते, आणि रोगी शुद्धीवर असताना त्या झुंजीच्या कळा सोसण्यापलीकडच्या असतात. पुढचा सगळा खटला या झुंजीवर उभा आहे.

रात्री साडेआठ-पावणेनऊ. उरले ७२ तास.

गावातले डॉक्टर येतात. पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधतात आणि तेवढ्यावर थांबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बघतात. मुलाची प्रकृती चांगली असते, तरी पुण्याला हलवा असा सल्ला देतात. ८ मे रोजी फळ्यांच्या जागी मोडलेल्या हाडासाठीच्या खास पट्ट्या मिळवून बांधतात. मला या घटनाक्रमातला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. त्याने पाय ओढून पाहिला नाही, हाड बसवण्याचा मोह धरला नाही, आणि आपल्याला जमणार नाही ते दुसऱ्याकडे सोपवले.

९ मे, रात्री १. उरले २० तास.

टॅक्सीत मुलगा अर्धवट आडवा. बरोबर आई आणि गावचे तेच डॉक्टर. पुणे सुमारे २०० मैल. १९५३ मधले कोकणातले रस्ते, मग घाट, मग देश. मोडक्या मांडीने हे अंतर कापणे म्हणजे काय, ते गचक्यागचक्याला कळत असणार.

सकाळी साडेअकरा. उरले साडेनऊ तास.

साडेदहा तासांनी गाडी पुण्यात पोचते. मुलाचे वडील दौंडहून आलेले आहेत. ते स्वतः डॉक्टर, दौंडला त्यांची प्रॅक्टिस. आधी ताराचंद रुग्णालयात नेऊन पाय यंत्राखाली पाहतात. हाडाची टोके एकमेकांवर चढलेली दिसतात. हाडातून पिन घालून, वजन लावून पाय हळूहळू ओढावा लागेल, असे निष्पन्न होते. म्हणजे उपचार काय हवा, हे या कुटुंबाला भर दुपारच्या आत माहीत झालेले असते. तिथून ते एका खासगी रुग्णालयाकडे निघतात.

दुपारी सव्वादोन. उरले पावणेसात तास.

मुख्य डॉक्टर जागेवर नाहीत. त्यांचे सहायक मुलाला दाखल करून घेतात. थोड्या वेळाने मुख्य डॉक्टर येतात, वरवर तपासतात आणि सहायकांना सांगतात : मॉर्फिया आणि हायोसिनची दोन इंजेक्शने द्या, एक तासाच्या अंतराने.

सहायक एकच देतात.

दुसरे का दिले नाही यावर तर्क करता येतील, पण वैद्यकाच्या दृष्टीने खरी अडचण वेगळी आहे. मॉर्फिया वेदना बोथट करते, गुंगी आणते. भूल म्हणजे ती नव्हे. भुलेत स्नायू सैल पडतात, मेंदूला कळ पोचत नाही. गुंगीत रोगी ओरडत नाही एवढेच, शरीर मात्र सगळे सोसत असते. वडिलांनी पुढे कोर्टात नेमका हाच मुद्दा धरला.

दुपार ते संध्याकाळी साडेपाच.

तळमजल्यावर एक्स-रे खोलीत मांडीचे दोन फोटो. मग वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृह. तिथे मुलगा तासाभराहून थोडा जास्त वेळ असतो. बाहेर येतो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये असतो.

या तासाभराच्या दोन कहाण्या आहेत. कुटुंबाची अशी : डॉक्टरांनी तीन माणसांच्या मदतीने पाय जोर लावून ओढला, हाड बसवले, आणि हे सगळे भूल न देता, एका मॉर्फियाच्या जोरावर केले. डॉक्टरांची अशी : मुलगा लांबच्या प्रवासाने थकलेला होता, म्हणून हाड बसवायचे काम आपण पुढे ढकलले, हलका ताण देऊन पाय तात्पुरता स्थिर केला, मुलगाही सहकार्य करत होता.

दोन्हींत पाय ओढला गेला हे समान आहे. फरक जोराचा. आणि जोर मोजायचे माप कोणत्याही केसपेपरवर नसते.

साडेपाच. उरले साडेतीन तास.

मुलाला त्याच्या खोलीत आणतात. सात वाजेपर्यंत गुंगी उतरेल, असे वडिलांना सांगितले जाते. त्या शब्दावर विसंबून ते दौंडला परत निघतात. आई खोलीत थांबते.

निकालपत्रात या प्रसंगाला एकच वाक्य आहे. मी मात्र दर वेळी तिथे अडखळतो. तोही डॉक्टरच होता. तपासायला हात होते, नाडी कळत होती, आणि दुसऱ्या डॉक्टरच्या शब्दाला मान देऊन तो निघून गेला. व्यवसायातला विश्वास म्हणतात तो हाच. पुढे पंधरा वर्षे त्या विश्वासाविरुद्ध साक्षी-पुरावे करायचे होते.

साडेसहा. उरले अडीच तास.

आईच्या लक्षात येते की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे, खोकला येतो आहे. सहायक डॉक्टर मुख्य डॉक्टरांना बोलावतात. प्रकृती ढासळते आहे हे पाहून तातडीचे उपचार सुरू होतात आणि शेवटपर्यंत चालू राहतात.

रात्री ९.

मुलगा गेला.

डॉक्टर मृत्यूचा दाखला देतात. कारण : फॅट एम्बोलिझम. लांब हाड मोडले की त्यातल्या मज्जेतली चरबी रक्तात शिरू शकते, थेंबाथेंबाने फुप्फुसात जाऊन अडकते, आणि श्वास कोंडतो. हे बहुधा दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत घडते. डॉक्टरांना न्याय द्यायचा तर म्हणावे लागेल की हे कारण वेळेच्या हिशोबात बसत होते आणि अशा मृत्यूत कोणाचाच दोष नसू शकतो. दुसरे कोणते कुटुंब असते तर दाखल्यावरचे ते दोन इंग्रजी शब्द वाचून नशिबाला बोल लावत घरी गेले असते.

या कुटुंबातल्या वडिलांना ते शब्द वाचता येत होते. भूल न देता मांडी ओढली तर धक्का बसून माणूस जाऊ शकतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

त्या काळी ग्राहक मंच नव्हते. मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागायची तर १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा आणि दिवाणी कोर्टाची पायरी. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानला आणि ३,००० रुपये भरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तेच कायम केले : पाय नुसता स्थिर केला नव्हता, हाड बसवले होते, तीन माणसांच्या मदतीने अतिरेकी जोर लावला होता, भूल देण्याची प्राथमिक खबरदारीही घेतली नव्हती, त्या धक्क्याने मुलगा गेला. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले.

२ मे १९६८ रोजी न्या. जे. एम. शेलत यांनी निकाल लिहिला आणि अपील फेटाळले. हाच तो कर्तव्यांचा निकाल : रोगी हाती घ्यायचा की नाही ते ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा ते ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. सर्वोच्च दर्जाचे कौशल्य कायदा मागत नाही, पण अगदीच कमी दर्जाचेही चालवून घेत नाही. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, तातडीच्या वेळी तर ते अधिकच. पालशेतच्या डॉक्टरने तिन्ही कर्तव्ये फळ्या आणि पट्ट्यांवर भागवली होती, हे मात्र निकालातून शिकवत नाहीत.

मुलाच्या मृत्यूला तेव्हा पंधरा वर्षे पुरी व्हायला सात दिवस कमी होते. तीन हजारांना त्यानंतर एक रुपयाही जोडला गेला नाही.

रक्कम बघून चिडणे सोपे आहे. मला ती रक्कम वेगळ्या कारणाने बोचते. भरपाई मृत्यूची मिळत नाही, सिद्ध झालेल्या चुकीची मिळते; आणि चूक सिद्ध करण्याची ताकद दुःखाच्या प्रमाणात वाटलेली नसते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया १३ तारखेला झाली. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल निघाला. २४ तारखेला ती गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले १९९६ मध्ये. तिथे साक्ष टॉवेलने दिली. कोलकात्यातल्या उपचारांनंतर १९९८ मध्ये मुंबईत दगावलेल्या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ५.९६ कोटी रुपये आणि वर ६ टक्के व्याज मंजूर केले, म्हणजे एकूण सुमारे ११ कोटी. तिथे तिचा नवरा डॉक्टर होता, परदेशात राहणारा, आणि पंधरा वर्षे तो लढला. ज्यांच्याकडे टॉवेलही नाही आणि वैद्यकाची पदवीही नाही, त्यांची नावे निकालपत्रांत सापडत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानंतर पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि जिल्हा आयोगात वकील न लावताही तक्रार देता येते. सर्वांना सरसकट मोफत उपचार देणारी रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत, आणि आपल्याकडे गरीब माणूस मरतो तो बहुधा तिथेच. हा भेद मला आजवर कोणी नीट पटवून दिलेला नाही.

तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन आकडे ध्यानात असू द्या. रोग्याची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षे. आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसला असाल तर कोण कधी आले, काय म्हणाले, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले आणि कोणते दिलेच नाही, ते वेळेसकट वहीत टिपून ठेवा.