यवतमाळच्या वर्गातील ‘पूर्ण वर्तमानकाळ’

यवतमाळ जिल्ह्यातील मराठी शाळांत इंग्रजीचा ‘प्रेझेंट परफेक्ट’ काळ ‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावाने ओळखला जातो, आणि हेच नाव मराठी व्याकरणातही असल्यामुळे ‘मी आलो आहे’ व ‘आय हॅव कम’ ही वाक्ये एकाच मापाची आहेत असा समज सहज होतो. या समजाची मुळे मराठी व्याकरणाच्या घडणीत आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे लिंडले मरे या इंग्रजी वैयाकरणाचा नमुना होता, आणि इंग्रजी साच्याशी जुळवून मराठी क्रियापदे मांडण्याची ही रीत पुढे शालेय व्याकरणांत मुरली. यवतमाळ ज्यात मोडते ते वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात आले, आणि १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणवल्या जाणाऱ्या यवतमाळच्या मुलखात कचेरीबरोबर इंग्रजीही आली. मराठी मुलखात पिढ्यानपिढ्या वापरली गेलेली तर्खडकरी भाषांतर पाठमाला हीही वाक्याला वाक्य जुळवण्याच्या याच पद्धतीची होती.

ही जुळवणी मात्र सर्वत्र टिकत नाही. ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण मराठीत ‘आहे’ने क्रियेचा परिणाम आज टिकून असल्याचे कळते आणि क्रिया कधी घडली हे सांगण्यास आडकाठी नसते; इंग्रजीत मात्र ‘हॅव’ आले की ‘येस्टरडे’सारखा निश्चित काळवाचक शब्द वर्ज्य होतो व साधा भूतकाळ वापरावा लागतो. पाणिनीनेही आजचा नसलेला भूतकाळ निराळा मानून त्यासाठी ‘लङ्’ हा लकार, म्हणजे क्रियापदाचा काळ वा अर्थ दाखवणारा रूपसमूह, नेमला होता. तेव्हा हा भेद संस्कृत पढलेल्यास अगदीच परका वाटू नये, पण शाळेत संस्कृत आणि इंग्रजी ही दोन व्याकरणे एकत्र ठेवून क्वचितच शिकवली गेली. उलट दिशेची अडचणही तितकीच आहे: ‘मी दहा वर्षांपासून यवतमाळात राहतो’ यातील साध्या वर्तमानासाठी इंग्रजीला ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे असते.

वऱ्हाडी बोलीने या गुंत्यात भर घातली आहे. ‘तो शाळेत जाऊन राहिला’ याचा वऱ्हाडी अर्थ ‘तो शाळेत जात आहे’ असा असून ‘राहिला’ हे भूतकाळी रूप तेथे चालू क्रिया सांगते. प्रमाण मराठीच्या कानाला मात्र हा मुलगा शाळेत मुक्कामालाच गेला असे वाटेल. रूपावरून काळ ठरवण्याची पाठ्यपुस्तकी सवय अशा वाक्यापुढे निरुपयोगी ठरते, आणि वस्तुतः हाच धडा इंग्रजीलाही लागू आहे, कारण ‘हॅव कम’मध्ये ‘हॅव’ वर्तमानाचे आणि ‘कम’ भूतकाळवाचक धातुसाधित, अशी दुहेरी घडण असते. बोलीला अशुद्ध ठरवून बाजूला सारण्याऐवजी तिचा दाखला देणे अधिक उपयोगाचे झाले असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली, त्यामुळे वऱ्हाडी मुलासमोर प्रमाण मराठी आणि इंग्रजी जवळजवळ एकाच वेळी येऊ लागल्या. जिल्ह्यातील कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना तर ‘पूर्ण वर्तमानकाळ’ हे नावसुद्धा घरच्या भाषेतले नसते.