पट्ट्याच्या वरचं कापड

उताणे पडा. खाली ओल्या गवतावर चार-पाच यार्ड लांबीचं लोकरीचं कापड अंथरलंय आणि त्याच्याखालून चामड्याचा पट्टा गेलाय. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन पट्ट्या लांबीत शिवून तो दुप्पट केलेला. मधल्या भागाच्या निऱ्या तुम्ही आत्ताच गुडघ्यांवर बसून घातल्यात, दोन्ही टोकं सपाट ठेवलीत. आता एक टोक पोटावर घ्या, त्यावर दुसरं, पट्टा आवळा आणि उठा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेचं स्काय बेट, साल 1700च्या आसपासचं. कमरेखाली गुडघ्यापर्यंत घेर नीट बसलाय. पण पट्ट्याच्या वर उरलेलं तेवढंच कापड पाठीमागे लोंबतंय. ते जास्तीचं आहे असं वाटून खोचायला जाल, तर थांबा. या पोशाखाचा खरा कारभार तिथेच चालतो. पाऊस आला (तो इथे येतोच) की ते डोक्यावरून घ्यायचं. उघडीप झाली की डाव्या खांद्यावर टाकून टाचायचं, म्हणजे तलवारीचा हात मोकळा. काही उचलून न्यायचं असलं तर पुढे आणून ओटा करायचा. रात्री पट्टा सोडला की झालं पांघरूण. थंड वारा सुटलेल्या रात्री सोबतचा म्हातारा ते आधी ओढ्यात बुचकळतो, पिळतो आणि मग गुंडाळून घेतो. तुम्ही दचकता. पण ओली लोकर फुगते, विणीतली भोकं बुजतात, वारा आत शिरत नाही. घोंगडीवर पावसाळे काढणाऱ्या आपल्याकडच्या धनगराला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

वास मात्र सहन करावा लागेल. कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते साठवून आंबवलेल्या लघवीत भिजवतात आणि फळीवर आपटतात, ताल धरून, गात गात. त्यांच्यातल्या एकीच्या हातातली काठी जरा नीट पाहा. तिच्यावर रंगारंगांचे धागे मोजून गुंडाळलेत, म्हणजे पुढच्या वेळी चौकडी चुकायची नाही. या बेटाचाच, गेलिक बोलणारा मार्टिन मार्टिन 1703 मध्ये लंडनला पुस्तक छापतो, त्यात अशा काठीचा उल्लेख आहे. तो असंही सांगतो, की हा मुलूख फिरलेल्या माणसाला अंगावरची चौकडी पाहून समोरचा कुठला राहणारा ते ओळखता येतं. कुठला राहणारा, कुठल्या कुळाचा, असं तो म्हणत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आता ऑगस्ट 1747. आदल्या वर्षीच्या 16 एप्रिलला कलोडनच्या माळावर गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी लढणाऱ्या हायलँडरांची, म्हणजे तुमच्यासारख्या डोंगराळ मुलखातल्या स्कॉटिश लोकांची, धूळधाण झाली, आणि या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तुमचे कपडे गुन्हा ठरलेत. पकडले गेलात तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार. पळवाट एकच, राजाच्या फौजेत भरती व्हा. तिथे तोच पोशाख सरकार स्वतः देतं. ही बंदी 35 वर्षं चालली, 1782 मध्ये उठली. पण तोवर प्लेड (हेच ते पट्ट्याने आवळायचं कापड) ही घरच्या मागापेक्षा लष्करी कोठाराची वस्तू होऊन बसली होती. हायलँडच्या नावाने उभ्या केलेल्या अशा पलटणी आपल्या मुलखातही येऊन गेल्या. 1803 मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर 74वी आणि 78वी हायलँड पलटण होती.

त्याआधीच केव्हातरी पट्ट्याच्या वरचं कापड कापून टाकण्यात आलं होतं. खाली उरला तो किल्ट. बंदीच्या कायद्यात प्लेड आणि किल्ट ही नावं वेगळी आहेत, म्हणजे कापाकापी त्या कायद्याच्याही आधीची. ती युक्ती थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराची, असं सांगणारं पत्र 1785 मध्ये छापून आलं. त्यावरून स्कॉटिश माणसं आजही हातघाईवर येतात. त्या वादात पडू नका. कुणी का कापेना, घरात झोपणाऱ्याला आणि भट्टीवर राबणाऱ्याला वरचं कापड अडचणीचंच होतं.

मग 17 ऑगस्ट 1822, एडिनबरा, होलीरूडचा राजवाडा. रांगेत उभे राहा आणि हसू आवरा. 1651 नंतर स्कॉटलंडला मुक्कामाला आलेला हा पहिला राजा, चौथा जॉर्ज. नुकताच साठीचा झालाय, देह भलताच सुटलाय. अंगावर लालभडक रॉयल स्टुअर्ट चौकडी, आखूड किल्ट आणि त्याखाली मांसाच्या रंगाच्या घट्ट तुमानी. या थाटाचं बिल 1,354 पौंड 18 शिलिंग. लंडनचा माजी महापौर सर विल्यम कर्टिस तसाच नटून आल्याने उरलीसुरली अदबही गेलीय. पुढे डेव्हिड विल्की या वेषातल्या राजाचं चित्र काढेल. त्यात पोट बरंच आत जाईल आणि तुमानी नाहीशा होतील.

कलोडनला या लोकांची कत्तल करवणारा ड्यूक ऑफ कंबरलंड म्हणजे या राजाच्या आजोबांचा सख्खा भाऊ. आणि आज अंगावर चौकडी कुणाची, तर स्टुअर्टांची!

सगळा देखावा सर वॉल्टर स्कॉटने उभा केलाय. तो एडिनबराचा, म्हणजे सखल प्रदेशातला, जिथे हायलँडर म्हटलं की दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत लोक गुरं मोजून घेत. त्याच्या सूचनेनुसार नाचाच्या समारंभाला गणवेश नसेल तर हायलँड पोशाखच हवा. त्यामुळे कुळ ना मूळ असलेले वकील-व्यापारी शिंप्यांच्या दारात उभे आहेत. ग्लेनगॅरीचा सरदार मॅक्डोनेल संतापलाय, ही सगळी सोंगं आहेत म्हणून. त्याचं खरं आहे. पण त्याच्या घराण्याच्या जमिनींवरून किती रयत कॅनडाला गेली, हे कुणी त्याला विचारत नाही. सदरलंडच्या जहागिरीतूनही माणसं संचलनाला आणलीत. त्याच जहागिरीत स्ट्राथनेव्हरच्या खोऱ्यात 1814 आणि 1819 मध्ये मेंढ्यांना कुरण हवं म्हणून गावं उठवली, घरांची छपरं पेटवली. ज्यांना पट्ट्याच्या वरच्या कापडाची खरी गरज होती ती माणसं जहाजांवर चढली, आणि ते कापड राजवाड्यात आलं. मला नकलीपणाचा राग येत नाही, सगळेच पोशाख कधीतरी कुणीतरी नव्याने शिवलेले असतात. राग येतो तो या हिशेबाचा.

बॅनकबर्नच्या विल्सन कारखान्यात डोकावून जा. माग रात्रंदिवस चालू आहेत. प्रत्येक सरदाराला स्वतःच्या कुळाची चौकडी हवीय आणि विल्सनकडे नमुन्यांना कमी नाही. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी दिलेला दाखला असा, की ‘मॅकफर्सन’ म्हणून दिलेली चौकडी आधी ‘किड’ नावाने विकली जाई, कारण कुणी किड वेस्ट इंडिजमधल्या आपल्या गुलामांसाठी ती घाऊक उचलत असे. त्याहीआधी तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, 155.

आता आजच्या एडिनबऱ्यात या, मित्राच्या लग्नाला. किल्ट भाड्याने मिळतो. तुमचं आडनाव कुलकर्णी असलं तरी अडत नाही, कुळ नसलेल्यांनी नेसायच्या चौकड्या आहेत. दुकानदार विचारेल, फ्लाय प्लेड हवा का? म्हणजे झालर लावलेला चौकोनी तुकडा, डाव्या खांद्यावर मोठ्या ब्रोचने टाचून पाठीवर सोडायचा. वरच्या कापडाचं उरलंय ते एवढंच. त्याने ना पाऊस अडतो, ना थंडी. घ्यायला हरकत नाही. 200 वर्षं माणसं त्यात बोहल्यावर उभी राहिली, आजोबांचा ब्रोच नातवाने लावला, तेव्हा त्याला नुसतं सोंग म्हणणं मला जड जातं. फक्त नाच सुरू झाला की तो काढून खुर्चीवर ठेवा. गिरक्या घेताना त्याची झालर शेजारणीच्या तोंडावर बसते, आणि ब्रोच हरवला तर अनामत परत मिळत नाही.