थर्मामीटरला न दिसलेली उष्णता

उणे १० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम बर्फाचे २० अंशांचे पाणी करायला किती उष्णता लागेल? हे गणित आपण तीन पायऱ्यांत सोडवतो. बर्फ शून्यावर आणायला ५०० कॅलरी, तो वितळवायला ८०००, आणि पाणी तापवायला २०००. विद्यार्थी चुकतात ते मधल्या पायरीत. तापमान बदलतच नाही, मग उष्णता कशाला मोजायची? खरे तर एकूण उष्णतेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तिथेच खर्च होतो.

ही समजूत एके काळी जाणकारांचीही होती. बर्फ वितळणबिंदूला पोचला की थोड्याशा उष्णतेने त्याचे पाणी होते, असे ते मानत. ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक (१७२८-१७९९) यांना हे पटेना. तसे असते तर वसंतात डोंगरावरचा सारा बर्फ एकदम वितळून महापूर आले असते. प्रत्यक्षात तो सावकाश, कित्येक आठवडे वितळत राहतो.

म्हणून त्यांनी दोन सारखे काचेचे चंबू घेतले. एकात बर्फ होता, दुसऱ्यात तेवढेच ३३ अंश फॅरनहाइटचे पाणी. दोन्ही ४७ अंश तापमानाच्या मोठ्या दालनात टांगले. अर्ध्या तासात पाणी ४० अंशांवर गेले, म्हणजे ७ अंशांनी तापले. बर्फाच्या चंबूला ४० अंश गाठायला साडेदहा तास, म्हणजे २१ अर्धे तास लागले. उष्णता त्याच वेगाने मिळाली असे धरले, तर २१ × ७ = १४७. त्यातले ८ अंश ३२ वरून ४० वर जाण्यात दिसले. उरलेले १३९ थर्मामीटरने दाखवलेच नाहीत. ते घड्याळाने दाखवले.

चौकस विद्यार्थी इथे शंका काढील : पाणी तापत जाईल तसा उष्णता मिळण्याचा वेग कमी होणार, मग तो सारखा कसा धरला? शंका रास्त आहे. पण ब्लॅक एकाच प्रयोगावर थांबले नाहीत. १९० अंशांच्या १३५ भाग पाण्यात त्यांनी ११९ भाग बर्फ टाकला. मिश्रण ५३ अंशांवर आले. काचपात्राचा वाटा ८ भाग पाण्याइतका धरून गरम बाजूने दिलेली उष्णता १४३ × १३७. तिला ११९ ने भागले की सुमारे १६४ येतात. वितळल्यावर तापण्याचे २१ वजा केले की उरतात १४३. आजच्या ग्रॅममागे ८० कॅलरी म्हणजे याच मापात १४४!

ब्लॅक यांनी १७६२ मध्ये हे निष्कर्ष ग्लासगोत वाचून दाखवले आणि या उष्णतेला ‘अप्रकट’ म्हटले. त्यांची व्याख्याने मात्र मृत्यूनंतर, १८०३ मध्ये छापली गेली. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत, हे या आकड्यांनी पक्के केले.

शिक्षकांना आमची एक सूचना : सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी दोन सारखे पेले, बर्फ, गार पाणी आणि घड्याळ वर्गात ठेवावे. मधली पायरी मग सांगावी लागणार नाही. मुलांना तिची वाट पाहावी लागेल.