हळू वाळणारा रंग

फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती तीनशेच्या खाली उतरली आणि अमेरिकेतल्या शेतकरी-कामगारांच्या दारात मोटार उभी राहिली. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. ऊन-पावसाने तिची चमक उतरली की मालकापुढे प्रश्न उभा राही. रंगारी अजून बग्ग्यांच्या जुन्या पद्धतीने काम करत: जवस तेलातला रंग, वर व्हार्निश, आणि मधले थर प्यूमिसने घासणं. त्यात आठवडे जात. जुन्या फोर्डच्या मालकाला हा खर्च परवडत नसे.

त्याने स्वतःच ब्रश उचलला.

बफेलोच्या ‘प्रॅट अँड लँबर्ट’ कंपनीचं ‘इफेक्टो’ इनॅमल अशाच गिऱ्हाइकांसाठी होतं. आधी ग्रीस पुसायचं, सुटलेला रंग खरवडायचा, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि मऊ केसांच्या ब्रशने एका दिशेने हात मारायचा. तेलातला रंग हळू वाळतो. तेवढ्या अवधीत तो आपोआप पसरतो आणि ब्रशच्या रेघा बुजतात. नवख्या हाताला सांभाळून घेणारा गुण तो हाच.

कारखान्यांना मात्र हा वेळ परवडेना. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाडीवर ड्यूपॉन्टचा ‘ड्युको’ आला. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ज्याचं नाव घेतात तोच. नायट्रोसेल्युलोजचा हा लॅकर बघता बघता वाळे. त्यावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर विरघळून ओढला जाई. त्यामुळे स्प्रे गन हवीच. टोलेडोच्या डॉ. डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी केलेल्या उपकरणावरून त्यांच्या मुलाने ती घडवली होती. गनला लागणारा कॉम्प्रेसर घरात नसल्याने काम पुन्हा गॅरेजकडे गेलं.

१९४९ मध्ये इलिनॉयच्या एडवर्ड सेमूर यांनी पत्नी बॉनीच्या सूचनेवरून रंग एरोसॉलच्या डब्यात भरला. त्याने ओरखडे झाकता आले, मडगार्ड रंगवता आले. अख्खी गाडी एकसारखी रंगवणं मात्र अवघडच राहिलं.

त्यावर हौशी लोकांनी तेली रंगाच्या हळू वाळण्याच्या जुन्याच गुणाचा आधार घेतला. जहाजाच्या डेकवर माशाचं तेल सांडतं तिथे गंज पसरत नाही, हे कप्तान रॉबर्ट फर्ग्युसन यांनी हेरलं होतं. त्यातून १९२१ मध्ये ‘रस्टोलियम’ ही रंगांची कंपनी उभी राहिली. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘पन्नास डॉलरची रंगाई’ गाजली ती याच कंपनीच्या तेली इनॅमलवर. रंग मिनरल स्पिरिटने पातळ करायचा, फोमच्या रोलरने पातळ हात द्यायचे, मधूनमधून वॉटर पेपर मारायचा. प्रत्येक हात वाळायला रात्र जाते, पण गन आणि कॉम्प्रेसर लागत नाही.