भोर–वेल्हे परिसरातील वासंतिक उत्सव
पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे तालुक्यांत चैत्र-वैशाखात साजरे होणारे सार्वजनिक उत्सव व जत्रा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावरील तुटपुंज्या शेतीमुळे अनेक कुटुंबांतील पुरुष मजुरीसाठी पुण्या-मुंबईस जात आले. पावसाळी पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत ग्रामदैवताच्या जत्रेस ते गावी परततात. पालखी, छबिना, तमाशा व कुस्त्यांचा फड ही जत्रेची प्रमुख अंगे होत.

भोर येथील रामनवमी उत्सवाची परंपरा मात्र दरबारी आहे. संस्थानाधिपती पंतसचिवांच्या राजवाड्यात (बांधकाम १८६९) तो साजरा होतो. राजगड व प्रचंडगड (तोरणा) हे या संस्थानचे तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होऊन राजसत्ता संपली, तरी उत्सवाची परंपरा टिकून राहिली. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.

वेळवंडी नदीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या जलाशयाने खोऱ्यातील जमीन व्यापली. कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले, की ते उघडे पडते व लोक दर्शनास जातात.

सत्ता बदलली, जमिनी बुडाल्या, माणसे शहरांत स्थिरावली; तथापि गावी परतण्याची ठरलेली तिथी म्हणून जत्रेचे महत्त्व कायम आहे.