दीड फुटाची भिंत आणि माळ्यावरचा राउटर



आमचं घर जुन्या पनवेलात, वडाळे तलावापासून चालत पाचेक मिनिटांवर. पणजोबांनी बांधलेलं, भिंती दीड फूट जाड. भर मे महिन्यात आत शिरलं की गार वाटतं. पण ज्या भिंती ऊन अडवतात त्या वायफायही अडवतात. नेटवाल्याने राउटर बसवला तो पुढच्या खोलीत, आणि मधल्या दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत सिग्नल जेमतेम एक काडी पोचायचा.

इतकी वर्षं कोणाचं अडलं नव्हतं. गेल्या वर्षी आजी मोरीत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मागची खोली हेच तिचं जग. दर शनिवारी संध्याकाळी नागपूरहून आत्याचा व्हिडिओ कॉल येतो, त्याची ती दुपारपासून वाट बघत बसते. कॉल लागायचा, आत्याचं तोंड मधेच उघडं राहून गोठायचं आणि आवाज गायब. एकदा आजी मला हळूच म्हणाली, "अरे, ती बोलता बोलता मधेच थांबते रे. माझ्यावर रागावलीय का?"

झालं! दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला याहून मोठी चपराक कुठली? बाजारात नवीन मेश राउटर मिळतात हे मला माहीत होतं. पण माळ्यावर दोन जुने राउटर धूळ खात पडले होते, आणि टाकाऊतून टिकाऊ करायची खाज जुनी आहे :) म्हणून ते खाली काढले. त्या निमित्ताने वाचत बसलो, आणि या डबड्यांचा इतिहास त्यांच्या कामापेक्षाही रंजक निघाला. म्हणून हा लेख.

पहिला प्रयोग साहजिकच फसला. एक जुना राउटर 'रिपीटर' करून मधल्या खोलीत ठेवला. मागच्या खोलीत सिग्नलच्या काड्या भरल्या, पण वेग निम्म्यावर आला आणि आत्या पुन्हा गोठली. कारण अगदी साधं आहे. या स्वस्त राउटरात रेडिओ एकच असतो. तो एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. पुढच्या खोलीतून आलेली प्रत्येक गोष्ट आधी ऐकायची आणि मग तीच मागे सांगायची. एका निरोपाला दोनदा हवा वापरावी लागते, म्हणजे निम्मा वेग तिथेच गेला.

गंमत म्हणजे हे दुखणं वायफायपेक्षा कितीतरी जुनं आहे आणि आपल्या महाराष्ट्रात त्याच्यावर इलाजही झालेला आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी पद्धतीची 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. तिचं पाठवण्याचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ऐकण्याचं केंद्र थेट दौंडला! मधे सत्तर-ऐंशी किलोमीटर अंतर. तिकडे इंग्लंडमध्येही पाठवणं एका गावाहून आणि ऐकणं दुसऱ्या गावाहून. आपलाच प्रक्षेपक शेजारी बोंबलत असताना सातासमुद्रापलीकडचा क्षीण आवाज कसा ऐकू येणार? म्हणून तोंड एका गावात, कान दुसऱ्या गावात आणि मधे तार. ही 'मधे तार' लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

बरं, त्या काळी हवेत बोलायला सरकारची परवानगी लागायची. १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार बिनतारी यंत्र लायसन्सशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा होता. पाठवणं सोडा, नुसतं ऐकायलाही लायसन्स! आमच्या आजोबांच्या कपाटात रेडिओ लायसन्सचं छोटं पुस्तक अजून आहे. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्यात तिकीट चिकटवून आणायचं. आकाशवाणीवर गाणी ऐकायला! १९८० च्या दशकात कधीतरी ही भानगड संपली.

जवळपास त्याच सुमारास, १९८५ साली, अमेरिकेत एक निर्णय झाला. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रं ज्या पट्ट्यात गोंगाट करतात, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा तसाही कोणाला नको होता. तिथल्या दूरसंचार आयोगाने तो ठरावीक पद्धतीच्या रेडिओंना विनालायसन्स मोकळा केला. मायकेल मार्कस नावाचा तिथला एक अभियंता यामागे होता. या टाकाऊ पट्ट्यातून पुढे वायफाय जन्माला आलं. त्याचं पहिलं प्रमाणक आलं १९९७ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आपल्याकडे हा पट्टा घराबाहेरही विनालायसन्स वापरायला मोकळा झाला जानेवारी २००५ च्या नियमांनी. आज छपरावर अँटेना लावून गल्लीपलीकडच्या भावाला नेट देता येतं ते त्यामुळे. ही झाली पहिली परवानगी, हवेची.

दुसरी परवानगी सॉफ्टवेअरची. तिची गोष्ट माझी जास्त आवडती आहे.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. २००३ च्या जूनमध्ये अँड्र्यू मिक्लास या माणसाने जाहीर केलं की याच्या आत लिनक्स आहे. आता लिनक्स फुकट असलं तरी त्याला जीपीएलची अट आहे. त्यावर बनवलेली वस्तू विकलीत तर त्याचा सोर्स कोडही मागणाऱ्याला द्यायचा. कंपनीने तो दिलेला नव्हता. ओरड झाली आणि काही आठवड्यांत कोड खुला करावा लागला. त्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली होती, म्हणजे हे लचांडही सोबत आलं!

त्या कोडातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, मग डीडी-डब्ल्यूआरटी आलं. घरगुती डबा एकदम मोठ्या राउटरची कामं करायला लागला. २००५ च्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून टाकलं आणि मेमरीही निम्मी केली. हौशी लोकांनी पाठ फिरवली. तेव्हा जुनाच डबा 'जीएल' या नावाने पुन्हा बाजारात आणला, खास लिनक्सवाल्यांसाठी. तो पुढे कितीतरी वर्षं खपला.

आणि या दोन्ही परवानग्या भारतात एकत्र आल्या त्या धरमशालेत. २००५ च्या फेब्रुवारीत, हवा मोकळी झाल्या झाल्या, तिथे डोंगरउतारावर सामुदायिक वायफायचं जाळं उभं राहायला लागलं. वापरले हेच घरगुती लिंकसिसचे डबे, आतलं सॉफ्टवेअर बदललेलं, काहींना सौरऊर्जेवर चालवलेलं. अँटेनांना लोंबकळणारी माकडं ही तिथली खास तांत्रिक अडचण! आमच्याकडे निदान ती नाही. (पनवेलात मांजरं आहेत, पण ती राउटरवर नुसती ऊब घ्यायला बसतात.)

इथवर गोष्ट गोड आहे. पण पनवेलच्या माणसाला दुसरी बाजू विसरून चालणार नाही, कारण ती आपल्या शेजारीच घडली.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपासात तो जिथून निघाला तो पत्ता सापडला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचा मेलशी काही संबंध नव्हता. त्यांचा वायफाय राउटर पासवर्डविना उघडा होता आणि कोणीतरी तो परस्पर वापरला होता. पण त्यांचे संगणक जप्त झाले, चौकशीचा ससेमिरा लागला. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका ऑफिसचं वायफाय असंच वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम काढली आणि दूरसंचार खात्याने ती बंदिस्त करण्याच्या सूचना दिल्या.

मी तेव्हा पाचवी-सहावीत. सानपाडा म्हणजे आमच्या लोकलच्या वाटेवरचं स्टेशन, एवढंच माहीत होतं. आज राउटर उघडून बसल्यावर त्या बातमीचा अर्थ लागतो. आपण सिग्नल भिंतीपलीकडे जावा म्हणून धडपडतो, पण तो कोणाच्या भिंतीपलीकडे जातो हे त्याला कळत नाही. आजीच्या खोलीला लागूनच गल्ली आहे.

आता माळ्यावरच्या दोन डब्यांचा निकाल सांगतो.

पहिल्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्यांना निदान याच्या दुप्पट लागतं. कंपनीचे अपडेट कधीच थांबलेले. डबा ठणठणीत चालू होता, दिवे लुकलुकत होते, पण सुरक्षेची भोकं बुजवणारं कोणी उरलेलं नाही. जीव मोठा करून त्याला ई-कचऱ्यात दिलं. यंत्र बिघडलं म्हणून म्हातारं होत नाही, त्याची काळजी घेणारं कोणी उरलं नाही की होतं.

दुसऱ्यात १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. त्याच्यावर ताजं ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. मग खडकी-दौंडचा धडा गिरवला: मधे तार! पुढच्या राउटरपासून खिडकीच्या चौकटीतून, बाहेरच्या भिंतीवरून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढली. जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं (घरात पत्ते वाटणारा एकच हवा, नाहीतर भाऊबंदकी होते) आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावली. दोन्हीकडे वायफायचं नाव तेच, चॅनल मात्र एकाला १ आणि दुसऱ्याला ११. डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड. ट्रान्समिट पॉवर जाणूनबुजून कमी ठेवली. आजीच्या खाटेपर्यंत पुरे, गल्लीपर्यंत नको. केबल सोडली तर खर्च शून्य.

परवा शनिवारी पाऊण तास कॉल चालला, आत्या एकदाही गोठली नाही. शेवटी आजीच म्हणाली, "बरं, ठेव आता, माझी मालिका लागेल."

म्हणजे आता हिला टीव्हीसाठीही नेट लागणार बहुतेक. पुढच्या वीकांताचं काम ठरलं :)